बाईंचा सहा इंची आरसा

मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात पडला तेव्हा आपण आता पुण्याकडच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात रुबाबात फिरणार, असं मी धरूनच चालले होते. पुण्याने मला विचारलंसुद्धा नाही. नोकरी मिळाली ती रत्नागिरीतच, गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, एका पत्र्याच्या शेडमध्ये. पूर्वी तिथे आंब्याचा रस डबाबंद करायचे. तो धंदा बसल्यावर मालकांनी जागा एका विश्वस्त मंडळाला देऊन टाकली आणि मंडळाने तिथे लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा संच, सुतारकामाची हत्यारं असं सगळं मांडून ठेवलं. गावातल्या कुणीही यावं आणि स्वतःला हवी ती वस्तू स्वतःच्या हाताने बनवावी, अशी कल्पना. अशा जागेला आता मेकरस्पेस म्हणतात, असं भाची मला सांगते. आम्ही शेड म्हणायचो. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी नाकावर राग घेऊन फिरणारी मुलगी होते.

शेडचे प्रमुख म्हणजे आयटीआयमधून निवृत्त झालेले एक इन्स्ट्रक्टर. त्यांना सगळे सर म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कामाचा एकच नियम सांगितला, "हात मागे." कुणी आलं की हत्यार कसं धरायचं ते दाखवायचं, धोका दिसला तर ओरडायचं, बाकी सगळा वेळ हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. दुसऱ्याची वस्तू आपण करून द्यायची नाही. सावर्ड्याचे एक गृहस्थ सुपारी सोलायचं यंत्र बनवायला यायचे. ते दर वेळी पाना उलटा फिरवायचे आणि माझे हात मागच्या मागे शिवशिवायचे. पुतळ्यासारखं उभं राहायचा पगार मिळतोय मला, असं मी घरी जाऊन करवादायचे. आई म्हणायची, "बरं आहे की, दमत तरी नाहीस."

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी शेडच्या दारात छत्री टेकत बाई उभ्या राहिल्या. या बाई हायस्कूलात विज्ञान आणि भूगोल शिकवायच्या, आणि गावातल्या अर्ध्याअधिक माणसांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली होती. वर्गात त्या प्रश्न विचारत. उत्तर चुकलं तर तास संपेपर्यंत उभं राहायचं. बरोबर आलं तर म्हणत, "बरोबर. बस खाली." या तीन शब्दांपलीकडे त्यांनी कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. त्यांना बघताच माझे हात आपोआप पाठीमागे गेले, सरांच्या नियमाची गरजच पडली नाही.

"कोण गो तू?" त्यांनी मान तिरकी करून विचारलं.

"बाई, मी तुमच्या वर्गात होते. शेवटच्या बाकावर."

"अक्षर सुधारलं का?"

तेवढ्यात सर आले आणि बाईंनी खुर्चीवर बसून सरळ मुद्द्याला हात घातला. त्यांना काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेलेलाच होता आणि डावा कडेकडेने मिटत चालला होता. डॉक्टरांनी थेंब दिले होते, पण डोळा किती टिकेल ते सांगता येत नाही म्हणाले होते.

"मी नोकरीभर शनी शिकवला," बाई म्हणाल्या. "त्याचं कडं फळ्यावर काढलं, पोरांकडून काढून घेतलं, ज्यांना आलं नाही त्यांना बडवलं. आणि मी स्वतः तो एकदाही पाहिलेला नाही. डोळा जायच्या आधी मला शनी बघायचाय."

सर म्हणाले, पुण्यामुंबईला मोठ्या दुर्बिणी आहेत, तिथे कुणी घेऊन जाईल. बाई तडकल्या. "तिथे रांगेत उभं राहायचं, डोळा लावायचा, आणि लावतो न लावतो तोच कुणीतरी म्हणणार, चला, पुढे सरका. तुमच्या दारावरच्या पाटीवर काय लिहिलंय? आपली वस्तू आपण बनवा. मग मला दुर्बीण बनवायची आहे."

सर कबूल झाले. त्यांनी कधीतरी एका शिबिरात दुर्बिणीचा आरसा घासायला शिकून घेतलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुर्बिणीचा आरसा म्हणजे विकत आणून बसवायची वस्तू, अशी माझी समजूत. सरांनी मुंबईहून सहा इंच व्यासाच्या जाड काचेच्या दोन चकत्या मागवल्या. एक चकती दगड भरलेल्या पिंपावर पक्की बसवली, तिच्यावर पाणी आणि घासायची खरखरीत पूड टाकली, आणि दुसरी चकती बाईंच्या हातात देऊन सांगितलं, "पुढे-मागे घासा. थोडी थोडी फिरवत राहा आणि तुम्हीही पिंपाभोवती फिरत राहा. बास." मी विचारलं, गोलाई कोण कापणार? सर म्हणाले, कुणी नाही. दोन सपाट काचा अशा एकमेकींवर घासत राहिल्या की वरची आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. मी मनात म्हटलं, सरांचं वय झालं.

पण ती खोलगट होत गेली. महिन्याभराने मी वरच्या काचेवर पोलादी पट्टी उभी धरली तेव्हा मध्ये उजेडाची बारीक फट दिसली. त्या फटीकडे बघताना माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ना लेथ, ना कटर, ना माझा डिप्लोमा. एक म्हातारी बाई पदर खोचून पिंपाभोवती फेऱ्या घालते आणि काचेला आकाशाचं माप येतं. त्या दिवसापासून मी घरी करवादणं बंद केलं.

बाईंना दिसायचं ते समोरचं तेवढं, तेही नळीतून बघावं तसं. "ही तुमची दुर्बीण मला काही नवीन नाही," त्या म्हणायच्या, "मी चोवीस तास दुर्बिणीतूनच बघते." पण घासायला डोळे कमीच लागत. पूड संपत आली की आवाज बदलतो. आधी भाजलेल्या रव्यासारखा खरखर, मग मऊ, मग नुसती कुजबुज. बाई चालता चालता थांबायच्या आणि म्हणायच्या, "झालं. नवी घाल." पूड बदलायची म्हणजे सगळी शेड धुवायची, कारण आधीच्या पुडीचा एक कण राहिला तरी काचेवर ओरखडा. त्यात आमच्या सड्यावरची जांभ्या दगडाची लाल धूळ. सरांनी दारात बादली ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाय धुवायला लावलं. पूर्णगडाहून होडीचा नांगर जोडायला आलेला एक मच्छीमार पाय धुता धुता म्हणाला, "देवळात आल्यासारखं वाटतंय."

गावात अर्थातच चर्चा झाली. साडेसाती टळावी म्हणून लोक मारुतीला तेल घालतात, आणि ह्या बाई आपणहून शनीच्या डोळ्याला डोळा भिडवायला निघाल्या. त्यातून डोळे असे. बाईंच्या शेजारणीने तर मला रस्त्यात अडवून सांगितलं, त्यांना समजाव जरा. बाईंना समजावणारी मी कोण!

शिमग्याच्या सुमाराला पॉलिशला सुरुवात झाली. त्याला राळ लागते. होड्यांच्या फटी बुजवायला वापरतात तीच राळ मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून आणून सरांनी तेलात शिजवली आणि खालच्या काचेवर तिचा थर दिला. त्या थरावर गुलाबी पुडीच्या पाण्यात वरची काच फिरवायची. हळूहळू धुरकट काच पाण्यासारखी स्वच्छ झाली, आणि मग सरांनी मला आरसा तपासायला शिकवलं.

खिडक्यांना पोती लावून खोलीत काळोख केला. आरसा भिंतीशी उभा, त्याच्यासमोर डब्यात झाकलेला दिवा, डब्याला सुईचं भोक. आरशावरून परत आलेला तो सुईएवढा उजेड दाढीच्या पात्याच्या धारेवर अडवायचा आणि पात्यामागे डोळा ठेवायचा. मी डोळा ठेवला. समोर काळोखात एक राखाडी चंद्र तरंगत होता. त्याच्यावर उंचवटे होते, खळगे होते, सगळं बोटाने चाचपता येईल इतकं ठसठशीत. सर म्हणाले, हे उंचवटे इतके बारीक आहेत की जगातलं कुठलंही बोट त्यांना चाचपू शकणार नाही. मग ते बाईंना म्हणाले, "जरा अंगठा टेकवा काचेवर. आता काढा."

जिथे अंगठा टेकला होता तिथे डोंगर उठला होता. खरोखरच, तव्यावरच्या भाकरीला फुगा यावा तसा. नुसत्या अंगठ्याच्या उबेने काच तिथे फुगली होती आणि ते मला दिसत होतं. मी ओरडलेच. बाईंना ते दिसणं शक्य नव्हतं, म्हणून मी सांगत राहिले. आता केवढा आहे, आता बसतोय, आता कडेने विरघळतोय, गेला.

"माझ्या बोटाच्या उबेने एवढं?" काळोखातून बाईंचा आवाज आला.

"हो बाई."

त्यांनी तो अंगठा दुसऱ्या हाताच्या बोटांनी चोळला. मग म्हणाल्या, "आणि मी पोरांच्या हातांवर छड्या मारत होते."

सर खाकरले. मी खिडकीवरचं पोतं काढलं.

आता ते उंचवटे राळेवर घासून घालवायचे होते, पण उन्हाळा तापला आणि आमचं घोडं तिथेच अडलं. शेडचे पत्रे तापायचे, राळ पातळ व्हायची आणि काचेला चिकटून बसायची. सर हिशोब करून सांगत होते की शनी आता संध्याकाळी पश्चिमेला उतरत चाललाय. मे संपला की तो सूर्याच्या उजेडात जाणार, वर ढग येणार. मग पुन्हा धड दिसायचा तो थेट थंडीत. बाईंची दाराच्या चौकटीवर धडक व्हायला लागली होती. एवढे महिने डोळा थांबणार नाही, हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचा धंदा करणारे एक जण आमच्याकडे हातगाडीचं चाक जोडायला यायचे. धिप्पाड माणूस, मोठा आवाज, तेही बाईंचे विद्यार्थी. बाई आल्या की मात्र आवाज बसायचा. मला एकदा हळूच म्हणाले होते, "बाईंच्या तासाला मी कधी बसलोच नाय. सगळं वर्ष उभा." राळ वितळते हे ऐकल्यावर ते म्हणाले, "बर्फाला काय तोटा? उद्या आणून टाकतंय की." सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पिंपाभोवती बर्फाच्या लाद्या लागल्या. शेडमध्ये बांगड्याचा वास सुटला आणि जन्मात मासळी न खाल्लेल्या बाई नाकाला पदर लावून फेऱ्या घालायला लागल्या. काय पण आमचं डोकं! मासा टिकतो म्हणून आरसाही टिकेल, हे मिरकरवाड्याच्या शेजारी राहणाऱ्यांनाच सुचावं.

आठवड्याने आरसा तपासायला उभा केला. आरशावरच्या त्या राखाडी चंद्राची सगळी कड ढासळली होती आणि अंगभर ओरखड्यांचं जाळं. खालची राळ गारठून दगडासारखी झाली होती आणि वरून हातांची ऊब. दोन टप्पे मागे जाऊन पुन्हा बारीक पुडीने घासायला हवं होतं. बर्फवाले दारात उभे होते, ते तसेच मान खाली घालून निघून गेले.

त्या दुपारी मी बाईंना म्हटलं, "बाई, तुम्ही घरी गेलात की मी घासते. सर आणि मी आळीपाळीने केलं तर वेळेत होईल. कुणाला कळणारसुद्धा नाही." नियम गेला खड्ड्यात, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. सर तिथेच होते आणि त्यांनी मला थांबवलं नाही.

बाईंनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. "माझी उत्तरपत्रिका तू लिहिणार?"

"तसं नाही बाई, पण डोळा..."

"डोळा माझा आहे. तू फक्त पहाटे येऊन शेड उघड. ऊन चढायच्या आत राळ घट्ट असते."

झालं. मी, जी आठ वाजता उठताना घरादाराचा उद्धार करायची, ती रोज पहाटे सायकल हाणत सड्यावर जायला लागले. बाई रिक्षाने यायच्या, भिंतीला हात लावत आत यायच्या आणि पिंपाभोवती फिरायला लागायच्या. मी हात मागे बांधून उभी राहायचे. कधी एवढा राग यायचा की डोळ्यांत पाणी यायचं. एक माणूस अंधारात जाता जाता काचेवर हात फिरवतोय आणि आपण दोन धडधाकट हात घेऊन नुसतं बघायचं. पण बघता बघता मला हेही दिसायला लागलं की त्या हातांना आता माझी गरज नव्हती. हात सावकाश, न थांबता, एका लयीत चालले होते. मी त्यांच्याकडे बघत राहायचे आणि माझा राग कधी उतरायचा ते कळायचं नाही.

कड हळूहळू वर आली. मेच्या मध्याला आरसा मुंबईहून ॲल्युमिनियमचा मुलामा घेऊन परत आला. नळा प्लायवूडचा होता, बैठक फणसाच्या लाकडाची, आणि तीही बाईंनी स्वतः पॉलिशपेपरने घासलेली. दुर्बीण शेडमागच्या कातळावर उभी राहिली आणि त्याच दिवशी ढग आले.

रोज संध्याकाळी पश्चिम झाकलेली. बाई खुर्ची टाकून बसायच्या आणि मला विचारायच्या, "फट आहे का?" मी नाही म्हणायचे. महिना संपत आला. मग एका संध्याकाळी, दिवेलागण नुकतीच झाली होती, समुद्रावरचा ढग मधोमध फाटला आणि त्या फटीत एक शांत पिवळा ठिपका दिसला. सरांनी नळा वळवला. मला म्हणाले, "तू आधी बघ, स्पष्ट करून ठेव."

मी डोळा लावला, फोकसची खुंटी फिरवली, आणि माझी पहिली प्रतिक्रिया अशी की मी उठून नळ्याच्या तोंडाशी जाऊन बघितलं. कुणीतरी आत चित्र चिकटवलंय अशी माझी खात्रीच झाली होती. ते इतकं नेटकं होतं, इतकं पुस्तकातल्यासारखं, आणि तरी जिवंत, थरथरत होतं. एका म्हातारीने हात फिरवलेल्या काचेवरून त्याचा उजेड माझ्या डोळ्यात येत होता. मी रडत होते हे मला नंतर कळलं.

बाईंना मी खांद्याला धरून बसवलं. त्यांचा डोळा जागेवर यायला वेळ लागला, कारण त्यांच्या नजरेच्या नळीत दुर्बिणीची नळी बसायला हवी होती. मग त्या एकदम स्थिर झाल्या. त्यांना पुढे सरका म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

"चिकटलेलं नाही गो," खूप वेळाने त्या म्हणाल्या.

"काय बाई?"

"कडं. मी फळ्यावर गोल काढायचे आणि त्याला करकचून पट्टा बांधावा तसं कडं काढायचे. तसं नाही ते. मधे जागा आहे. काळी जागा. ते कशालाच टेकलेलं नाही." त्यांनी डोळा काढला नाही. "मी सगळ्यांना चुकीचं शिकवलं."

सर म्हणाले, एवढं काही नाही बाई, फळ्यावरचं चित्र ते. बाईंनी त्यांच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. ढग मिटेपर्यंत त्या बघत राहिल्या आणि मग उठून मला म्हणाल्या, "सगळ्यांना बोलाव. मी ज्यांना ज्यांना शिकवलं, त्यांना सगळ्यांना."

दुसऱ्या दिवसापासून आभाळ गच्च झालं ते थेट दिवाळीपर्यंत. त्या पावसाळ्यातच बाईंचा डावा डोळा गेला. मी भेटायला गेले तेव्हा त्या पडवीत बसून होत्या. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागले तर म्हणाल्या, "बघायचं ते बघून झालंय. शनी पुन्हा संध्याकाळी कधी येतो ते सरांना विचारून ठेव."

तो थंडीत आला, आता पूर्वेला. आम्ही गावभर निरोप धाडले आणि सड्यावर माणसं लोटली. बँकेतले कारकून, एसटीचे कंडक्टर, आंब्याचे बागायतदार, एक डॉक्टर, सुट्टी काढून आलेले मुंबईकर. पाय धुवून सगळे रांगेत. बाई दुर्बिणीला खेटून खुर्चीवर बसल्या होत्या, एक हात नळ्यावर ठेवून. शेजारीणही आली होती. तिने आधी शनीला हात जोडले आणि मग डोळा लावला.

"छान आहे हो बाई," कुणीतरी म्हणालं.

"छान आहे का, ते मी विचारलं नाही. मधे जागा दिसली का?"

"अं... हो."

"खोटं बोलू नकोस. पुन्हा डोळा लाव."

प्रत्येकाला त्यांनी विचारलं. जागा दिसल्याचं नीट सांगेपर्यंत त्या कुणाला सोडत नव्हत्या, आणि रांगेतलं कुणीही पुढे सरका म्हणत नव्हतं. मी हात मागे बांधून उभी होते.

सगळ्यात शेवटी बर्फवाले आले. त्या बर्फाच्या प्रकरणानंतर ते शेडमध्ये फिरकले नव्हते. रांगेतही ते मागे मागेच राहत होते. त्यांनी आपलं मोठं अंग वाकवून डोळा लावला आणि तसेच राहिले. कितीतरी वेळ.

"कोण आहे?" बाईंनी विचारलं. मी त्यांना सांगितलं.

"काय दिसतंय रे?"

ते सरळ झाले. त्यांचा आवाज अगदी बारीक येत होता.

"बाई, कुठंच टेकलेलं नाय. अधांतरी हाय."

बाईंनी मान डोलावली.

"बरोबर. बस खाली."

आणि तो एवढा थोरला माणूस इकडेतिकडे न बघता तिथेच कातळावर मांडी घालून बसला.